दाखवायला तूच जायचं

तुझा मेसेज रात्री पावणेदोनला आलेला, मी पहाटे पाचला वाचला आणि चहा गार होईपर्यंत तिथंच बसून राहिलो. सिनेमा पूर्ण होऊन सात महिने झाले, चार फेस्टिव्हलनी नाही म्हटलं, आणि आता एक ओटीटी प्लॅटफॉर्मवाला म्हणतोय की वीस मिनिटं काढ, गिरणीवाल्या म्हाताऱ्याच्या जागी ओळखीचा चेहरा घे, तेवढे सीन परत शूट कर, मग बघू. आणि तू मला विचारतेस, काका, कापू का?

हिंमत सोडू नकोस वगैरे मी तुला सांगणार नाही. आजोळच्या गावात, कधी कॅमेऱ्यासमोर उभं न राहिलेल्या माणसांना घेऊन चौऱ्याऐंशी मिनिटांचा सिनेमा ज्या पोरीनं पुरा केला तिला हिमतीचं मी काय शिकवणार. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या गावानं तो बघितला का गं? एवढा लांबलचक मेसेज लिहिलास, त्यात फेस्टिव्हल आहे, सेल्स एजंट आहे, प्लॅटफॉर्म आहे, त्या प्लॅटफॉर्ममधल्या माणसाची असिस्टंटसुद्धा आहे, पण गिरणीवाला म्हातारा कुठंच नाहीये. तो रोज गिरणीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असेल की माझं शूटिंग झालंय म्हणून, आणि लोक विचारत असतील कुठाय दाखव.

तुला जॉन अब्राहमबद्दल सांगतो. हिंदीतला हिरो नव्हे, केरळचा दिग्दर्शक. कुट्टनाडात जन्म, १९३७ चा. आधी एलआयसीत नोकरी केली, मग ती सोडून आपल्या पुण्यात लॉ कॉलेज रोडला, प्रभातच्या जुन्या आवारात, फिल्म इन्स्टिट्यूटला शिकायला आला. तिथं बंगालचे दिग्दर्शक ऋत्विक घटक शिकवायला होते आणि मणी कौल, कुमार शहानी या पुढच्या दिग्दर्शकांसोबत हाही त्यांच्या हाताखाली घडला. पहिला सिनेमा केला १९७२ मध्ये, शाळेतल्या पोरांच्या हातून फुटबॉल खेळताना पुतळा फुटतो आणि मग ती पोरं पैसे जमवायच्या मागं लागतात, त्याची गोष्ट. मग १९७७ मध्ये तमिळमधला तो गाढवाचा सिनेमा, एक प्रोफेसर गाढवाचं पोरकं पिल्लू पाळतो, ते आपल्या गावच्या अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या गल्लीत नेतो आणि सगळी गल्ली उठते. त्याला सर्वोत्तम तमिळ चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, आणि तरी पुढं दूरदर्शननं तो दाखवायचं जाहीर करून विरोध झाल्यावर मागं घेतलं. म्हणजे बघ, पारितोषिक हातात आहे आणि सिनेमा लोकांपर्यंत जात नाहीये, कारण दाखवायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

आता इथं माणूस काय करतो? तक्रार करतो. मी केली, तूही करतेयस. जॉननं काय केलं, तर १९८४ मध्ये कोझिकोडला मित्रांना घेऊन ओडेसा नावाची संघटना काढली आणि गावोगाव हिंडायला लागला. सोबत सोळा एमएमचा, छोट्या फिल्मचा प्रोजेक्टर. गावात जायचं, ढोल वाजवून माणसं गोळा करायची, चॅप्लिनचा द किड दाखवायचा आणि वर्गणी मागायची, जमेल तेवढी द्या, आम्हाला तुमच्या पैशातून सिनेमा काढायचाय. वर्गणी म्हटल्यावर तुझ्या डोळ्यासमोर आलंच असेल, मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात येतात ते. तसंच. एक रुपया, दोन रुपये. नफ्यात वाटा मागणारा निर्माता नाही की शेवट बदला म्हणणारा वितरक नाही. त्या पैशातून १९८६ मध्ये 'अम्मा अरियान' झाला, आणि परत तोच प्रोजेक्टर घेऊन त्याच लोकांकडे दाखवायला गेला.

तू बघितला नसशील तर बघ. दिल्लीला निघालेल्या एका पोराला वाटेत एका अनोळखी तरुणाचा मृतदेह दिसतो, त्याला राहवत नाही, हा कोण ते शोधत निघतो, कळतं की तो तबलावादक होता, त्याची आई कोचीला असते. मग तिला सांगायला म्हणून वायनाडहून खाली निघायचं आणि वाटेत एकेक मित्र सोबत येत जातो, दोघांचे चार, चाराचे दहा, शेवटी अख्खा जथा त्या आईच्या दारात. आणि सगळा सिनेमा म्हणजे त्या पोरानं स्वतःच्या आईला लिहिलेलं पत्र. मधूनच खरे संप, खरी आंदोलनं, खरी माणसं येतात. वेणूचा कॅमेरा, बीना पॉलचं एडिटिंग, दोघंही आपल्या पुण्याच्याच इन्स्टिट्यूटचे. मी हा सिनेमा १९९१ मध्ये पुण्यात फिल्म अप्रिसिएशनच्या कोर्सला बघितला, सबटायटल पांढरी आणि चित्रातले मुंडू, तिकडच्या लुंग्या, त्याही पांढऱ्या, अर्धी अक्षरं दिसतच नव्हती, पण माणसं चालत राहतात आणि वाढत राहतात ते बघून माझ्या हातातली वही तशीच राहिली. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा जथा म्हणजेच त्या सिनेमाची वर्गणी आहे. जसे पैसे जमले तशीच माणसं जमतात. ते मला कळलं वीस वर्षांनी.

आता माझं सांगतो, तुला अर्धंमुर्धं माहितीये.

१९९८ मध्ये मी माण तालुक्यात सिनेमा केला. तेवीस दिवस, सोळा एमएम, पीएफ मोडून आणि भावानं ट्रॅक्टरसाठी साठवलेले पैसे घेऊन. एका म्हाताऱ्या आत्याबाईंच्या वाड्यात आमचा मुक्काम. आत्याबाईंनी कॅमेऱ्याला धान्याची खोली दिली, उंदीर येतात म्हणून रात्री दाराशी स्वतः झोपायच्या, एका सीनमध्ये त्या स्वतः होत्या आणि दुसऱ्या एकात त्यांची म्हैस. शहाण्णव मिनिटांचा सिनेमा झाला, प्रिंट एकच निघाली, तीन डबे. मग मी वितरकाच्या मागं लागलो. त्यानं बघितला आणि म्हणाला दोन गाणी टाका, एक विनोदी माणूस घाला. मी नाही म्हणालो. ते नाही म्हटलं त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही, परत तीच वेळ आली तर परत नाहीच म्हणेन, तो सिनेमा पाण्याच्या टँकरची वाट बघण्याबद्दल होता, त्यात गाणं टाकायचं म्हणजे आत्याबाईंच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. घरचे म्हणतात आडमुठेपणा केलास, करू देत, माझं म्हणणं मी बरोबरच होतो.

पण नाही म्हटल्यावर मी केलं काय? डबे घरी आणले, पत्र्याच्या माळ्यावर ठेवले आणि वाट बघत बसलो. कोणीतरी येईल, फेस्टिव्हलवाले विचारतील, काळ बदलेल. दर दिवाळीला गावाकडं गेलो की आत्याबाई विचारायच्या, "आरं, पिच्चर कवा दावतूस?" मी म्हणायचो, पुढच्या वर्षी आत्या, थेटरात लावू, तुम्हाला गाडी पाठवतो. थेटरात! माझ्या फिल्म सोसायटीच्या ऑफिसात चालू प्रोजेक्टर होता. आत्याबाईंच्या वाड्याच्या भिंतीवर एक धोतर ताणलं असतं तरी झालं असतं. एसटीनं दोन तास. मी गेलो नाही, कारण माझ्या डोक्यात होतं की सिनेमा असा भिंतीवर दाखवला की तो लहान होतो, पहिला खेळ कसा नीट पडद्यावर, नीट लोकांसमोर व्हायला पाहिजे. मला 'नीट लोक' म्हणजे कोण वाटत होते ते आता उच्चारायचीही लाज वाटते.

आत्याबाई २००९ मध्ये गेल्या. २०११ मध्ये मी माळ्यावरचा पहिला डबा उघडला तर असा आंबूस वास नाकात गेला, व्हिनेगरचा, डोळ्यात पाणी येण्यासारखा. ॲसिटेटची फिल्म उन्हाळ्यात पत्र्याखाली राहिली की अशीच सडते, आखडते, कडा लाटांसारख्या होतात, प्रोजेक्टरच्या दातऱ्यांवर बसत नाही. तिसऱ्या डब्यातली काही मिनिटं वाचली, त्यात म्हैस आहे. आत्याबाई पहिल्या डब्यात होत्या. निगेटिव्ह ज्या लॅबमध्ये होतं ती लॅब कधीच बंद झाली, माल कुठं गेला ते सांगायला कोणी नाही.

म्हणून तुला परत सांगतो, आणि तू वैतागलीस तरी सांगत राहणार, सिनेमा दाखवायला तूच जायचं. कोणी न्यायला येणार नाही. तुझी फाईल सडणार नाही असं तुला वाटत असेल, अगं हार्डडिस्कसुद्धा बंद पडते, आणि समजा नाही पडली तरी गिरणीवाल्याचं वय काय ते तूच मला सांगितलंयस, एक्याऐंशी.

हे काही केरळातून आणायची गोष्ट नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पहिला सिनेमा काढला तेव्हा नाटक सोडून पडदा बघायला लोक यायला तयार नव्हते, तर त्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यात. आमच्या लहानपणी जत्रेत तंबू टॉकीज यायच्या, ट्रकवर प्रोजेक्टर, दुपारपासून भोंगा. दाखवणं हे आपल्याकडं हलकं काम कधीच नव्हतं, ते हलकं आपण केलं, माझ्यासारख्या शिकलेल्यांनी.

आणि एक, तुझ्या ग्रुपमधला तो मुलगा जॉनचे फोटो टाकत असतो, दाढी, झोळी, दारूच्या गोष्टी, फक्कड माणूस वगैरे. त्याचा मला राग येतो. जॉन १९८७ च्या मे महिन्याच्या शेवटी कोझिकोडला इमारतीवरून पडून गेला, पन्नाशीही गाठली नाही, चारच सिनेमे करून. त्यानंतर 'अम्मा अरियान'सारखा दुसरा सिनेमा आपल्याला मिळाला नाही. त्यात फक्कड काय आहे? किती सिनेमे गेले त्याच्याबरोबर. जॉनचं काय घ्यायचं असेल तर त्याचा प्रोजेक्टर घ्या, त्याची पायपीट घ्या, घरोघर जाऊन एक रुपया मागायला जी लाज सोडावी लागते ती सोडा. ते कोणाला नकोय कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

तू म्हणशील काका, भिंतीवर दाखवून माझं कर्ज फिटणार आहे का. नाही फिटणार, सगळं तर नाहीच. पण मेसेजमध्ये तू लिहिलंयस की सात महिन्यांत फेस्टिव्हलच्या एंट्री फीवर अठ्ठावीस हजार गेले. तेवढ्यात किती गावं झाली असती ते तूच हिशोब कर. सेन्सॉर सर्टिफिकेट आधी हातात घे, जाहीर खेळ त्याच्याशिवाय करू नकोस. वर्गणीची झोळी फिरवायची ती उघड, आणि जमलेला पैसा तिथल्या तिथं मोजून सगळ्यांसमोर वहीत लिहायचा, गावातल्याच कोणाकडून तरी सही घ्यायची. साउंड दुपारीच जाऊन तपास, गावात चित्र धूसर चालतं पण बोलणं कळलं नाही की लोक दहा मिनिटांत उठतात. लांब एचडीएमआय केबल स्वतःची ठेव, दुसऱ्याची ऐनवेळी दगा देते.

आणि कापायचं का, तर ते प्लॅटफॉर्मवाल्याला विचारू नकोस, मलाही विचारू नकोस. दहा गावांत दाखव. प्रत्येक ठिकाणी पडद्याकडं पाठ करून उभी राहा आणि माणसांची तोंडं बघ. कुठं मोबाईल निघतात, कुठं बायका एकमेकींना कोपर मारतात, कुठं मागची पोरं गप्प होतात. दहा वेळा एकाच जागी लोक उठले तर तिथं काप, वीस काय तीस मिनिटं काप, मी स्वतः येऊन बसतो एडिटला. पण ज्यानं तो लॅपटॉपवर पुढं ढकलत बघितला असेल त्याच्या सांगण्यावरून एक फ्रेमसुद्धा काढायची नाही. म्हातारा बदलायचा तर विषयच नाही. त्याचे हात पिठानं पांढरे झालेले असतात आणि पट्टा सटकला की तो आवाजावरून ओळखतो, वर न बघता हात जातो त्याचा, तो ओळखीचा चेहरा कुठून आणणार आहे हे?

मी जास्त बोललो असेन. तू विचारलंस एक आणि मी आत्याबाईंचं सांगत बसलो, पण मला वेगळं करून सांगता येत नाही.

पहिला खेळ तुझ्या आजोळी कर, त्यात माझं काम नाही. दुसरा माण तालुक्यात, त्याच गावात, मी बोललोय. आत्याबाईंचा नातू शाळेवर शिक्षक आहे, त्यानं शाळेची मागची भिंत चुन्यानं मारून घेतो म्हटलंय. प्रोजेक्टर माझा, नवा आहे, डिजिटल. सातारा स्टँडवरून दुपारी दीडची गाडी आहे ती घे, पाचच्या आत पोचशील. भिंतीसमोर विजेचा खांब आहे, त्याचा दिवा थेट पडद्यावर येतो, तो तेवढ्यापुरता बंद करायला वायरमनला सकाळीच सांगून ठेवावं लागतं, ते मी सांगतो. तू तारीख कळव.