'आपनि'पासून 'तुमि'पर्यंत

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून चिडले होते, म्हणून चार दिवस उत्तर लिहिलं नाही. ढाक्याच्या टीव्ही-नाटकांना मराठी सबटायटल्स करायचं काम घेतलंस, याचा आनंद आहे. पण इंग्रजी सबटायटल्स तयार आहेत, मग बंगाली शिकायची गरज काय, असं तू मला विचारतेस? आणि पुढच्याच ओळीत लिहितेस की भाषा एकच, तर ढाक्याचं कोलकात्याहून वेगळं काय ते उमगत नाही. अगं, इंग्रजीतून कसं उमगणार? सबटायटल्स बंद कर आणि ऐक.

तीस वर्षांपूर्वी एक बंगाली नाटक मी इंग्रजीवरून मराठीत आणलं. शेजारशेजारची दोन घरं, एक हिंदू, एक मुसलमान. शेजारच्या मुसलमान घरी खेळायला गेलेलं हिंदू पोर तहान लागल्यावर 'जोल' मागतं आणि 'पानि' म्हणणारं ते घर क्षणभर गप्प होतं. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द होता. मीही दोन्हीकडे 'पाणी' लिहिलं. प्रयोगात नट गप्प उभे राहिले तेव्हा प्रेक्षकांना वाटलं, कुणीतरी वाक्य विसरलंय. पुढे मूळ संहिता वाचता आली आणि आपण काय पुसून टाकलं ते कळलं. तोवर नाटककार गेले होते. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

त्यानंतर तिसऱ्या भाषेवरून एक ओळ केली नाही. कामं गेली, लोक हट्टी म्हणाले. म्हणोत. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र मराठीत आणले ते बंगाली शिकून. मी काही जगावेगळं मागत नव्हते.

ढाक्यात घरी कुणी 'नाटोक' म्हणालं तर बहुधा टीव्हीवरचंच. तिथलं दूरचित्रवाणी केंद्र २५ डिसेंबर १९६४ला सुरू झालं, पाकिस्तानच्या काळात. नव्वदीच्या सुरुवातीला 'कोथाओ केउ नेई' या मालिकेतल्या बाकेर भाईला फाशी होणार म्हटल्यावर माणसं मोर्चे घेऊन रस्त्यावर उतरली. लेखक हुमायून अहमद यांनी फाशी दिलीच. कल्पनेतल्या गल्लीगुंडासाठी मोर्चा! लोकांना तो आपल्या गल्लीत बोलतात तसा बोलताना ऐकू येत होता, म्हणून. त्याची भाषा इंग्रजीतून आणून दाखव मला.

आणि भाषा ही तिथे नुसती बोलायची गोष्ट नाही. २१ फेब्रुवारी १९५२ला बांगला राजभाषा व्हावी म्हणून निघालेल्या विद्यार्थ्यांवर ढाक्यात गोळ्या झाडल्या गेल्या. १९५६मध्ये पाकिस्तानच्या घटनेत तिला उर्दूबरोबर स्थान मिळालं, आणि त्याच वर्षी ढाक्याचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट आला, 'मुख ओ मुखोश'. मग १९७०चा जहीर रायहान यांचा 'जीबोन थेके नेया'. कंबरेला किल्ल्यांचा जुडगा लावून अख्ख्या घराला धाकात ठेवणारी थोरली बहीण; बघणाऱ्याला त्यात पाकिस्तानचे लष्करशहा अयुब खान यांची राजवट दिसली. 'आमार शोनार बांगला' या सिनेमात आहे, बांगलादेशचं राष्ट्रगीत होण्याच्या आधी. देश स्वतंत्र झाला आणि ३० जानेवारी १९७२ला रायहान बेपत्ता भावाच्या शोधात ढाक्यातल्या मीरपूरला गेले. ते परत आले नाहीत. तुझ्या हातात आलं आहे ते या घरातलं सामान आहे. 'कंटेंट' म्हणू नकोस त्याला.

आता कामाचं. 'शे एशेछे' म्हणजे तो आलाय की ती आलीय, हे बंगाली क्रियापद सांगत नाही. मराठीत तुला ठरवावंच लागतं, आणि कधीकधी लेखकाने ते मुद्दाम झाकलेलं असतं. आदराचं 'आपनि', जवळिकीचं 'तुमि', अगदी सलगीचं 'तुइ', तिन्ही इंग्रजीत एकच होतात. दोन भाग 'आपनि' म्हणणारी मुलगी गच्चीवर एकदाच 'तुमि' म्हणते आणि तिथे तिचं प्रेम सांगून होतं. तुझ्या इंग्रजी फाइलीत त्या जागी काहीही घडत नाही. 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला मराठीत सुंदर वाट आहे, फक्त ती कुठल्या वाक्याला घ्यायची हे कानालाच कळतं. मुसलमान घरातली 'खाला' आणि हिंदू घरातली 'माशी', दोघींना 'मावशी' करून टाकू नकोस. 'जोल' आणि 'पानि' आहेत तसेच ठेव. मराठी वाचकाला ते कळतात.

रागावले असेन तर रागावले. लिपी महिन्याभरात येईल, पुस्तक मी देते. पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटं इंग्रजी फाइल न उघडता कर. अडशील तिथे जागा कोरी सोड, आणि त्या कोऱ्या जागांसकट मला पाठव.

तुझी,
मावशी