मशिन सगळ्यांना आवडतं, विकत कुणी घेईना

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातला, आयटीआय झालंय, स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. भुईमुगाच्या वेलाच्या शेंगा तोडायचं मशिन बनवलंय, कारण काढणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर तोडलेल्या शेंगांच्या डब्यामागे रेट सांगतात. प्रदर्शनात लोक व्हिडिओ काढून नेतात पण ६५ हजार ऐकलं की "बघू पुढच्या सीझनला". मोटर बदलून स्वस्त करू का? की आधी पेटंट काढू?

उत्तर : दादा, मोटर राहू द्या. तुमचं मशिन चांगलं आहे, घोळ विकायच्या पद्धतीत आहे. शेतकऱ्याची काढणी आठ-दहा दिवसांत उरकते, तेवढ्यासाठी तो ६५ हजार का अडकवेल, ५० ला दिलंत तरी तेच होणार.

आपण ज्याला झेरॉक्स म्हणतो त्याचंच बघा ना. चेस्टर कार्लसनने १९३८ मध्ये अमेरिकेत कोरडी कॉपी काढून दाखवली, नंतर वीसेक कंपन्यांनी त्याला नकार दिला. शेवटी हॅलॉइड या छोट्या कंपनीने १९५९ मध्ये ९१४ नावाचं मशिन आणलं, जवळपास ३०० किलोचं धूड. तेव्हा बाजारातली कॉपी मशिन ३०० डॉलरला मिळायची आणि हे नुसतं बनवायलाच २००० च्या आसपास खर्च, मग घेणार कोण? कंपनीने ते भाड्याने दिलं, महिना ९५ डॉलर, त्यात २००० कॉपी, पुढच्या प्रत्येक कॉपीला ४ सेंट, दुरुस्ती कंपनीची, आणि नको असेल तर १५ दिवसांची नोटीस देऊन परत. ऑफिसवाल्यांची भीतीच गेली, आणि कॉपी इतकी सोपी आणि स्वच्छ निघायची की लोक दिवसाला सरासरी २००० काढायला लागले, म्हणजे महिन्याचा कोटा एका दिवसात! खरी कमाई तिथून झाली. बिझनेस मॉडेल बिझनेस मॉडेल म्हणतात ते हेच, पैसे कोण देणार, कशाचे आणि कधी.

आणि तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे बघा, शेतकरी आत्ताच डब्यामागे पैसे देतोय. तुम्हीपण डब्याचाच रेट लावा. सोयाबीनचा मळणीवाला पोत्यामागे घेतो, गावाला ते नवीन नाही.

पण यात तुमचे पैसे अडकतात हे लक्षात घ्या, ऐन काढणीत बेल्ट तुटला तर तुम्हालाच पळावं लागणार, आणि बाकीचे दहा-अकरा महिने मशिन उभंच. म्हणून पहिला सीझन आसपासच्या तीन-चार गावांत स्वतः चालवा, डिझेल, माणूस, वाहतूक, दुरुस्ती सगळं वहीत रोजच्या रोज लिहा, डब्याला खरा खर्च किती येतो ते त्याशिवाय कळणार नाही. मग मशिन ज्याच्याकडे आधीच मळणी यंत्र आणि ट्रॅक्टर आहे त्याला विका, त्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. माझं मन मात्र बचत गटाकडे जास्त ओढतं, ज्या बाया आज शेंगा तोडतात त्यांनीच मशिन चालवलं तर त्यांची मजुरी जाणार नाही, हप्ता डब्यांच्या कमाईतून घ्या.

पेटंटचं म्हणाल तर, आधी जाहीर दाखवलेल्या गोष्टीला पेटंट मिळणं अवघड होतं आणि तुम्ही प्रदर्शनात दाखवून बसलाय, त्यामुळे या आठवड्यातच पेटंट एजंटला गाठा आणि प्रदर्शनाच्या तारखा सोबत न्या.