झाडी राखून घर बांधताना

प्रश्न : आम्ही गावाबाहेर दाट झाडी असलेली, थोड्या उताराची जमीन घेतली आहे. घराचा आराखडा आम्ही दोघांनीच काढला असून बांधकामही स्वतःच्या देखरेखीखाली करायचे ठरवले आहे. आराखड्याप्रमाणे तीनच झाडे तोडावी लागतात. बाकीची झाडे नक्की वाचतील ना? पाया खणण्यापूर्वी आणखी काय पाहावे?

उत्तर : तीन झाडांचा आपला हिशेब कागदावर बरोबर असेल, परंतु अशा जमिनीवर घराच्या पायापेक्षा बांधकामाच्या वावरामुळेच जास्त झाडे मरतात. ट्रक आत येण्याचा रस्ता, खडी-वाळूचे ढीग, माल कालवण्याची जागा, नळाचा व विजेच्या केबलचा चर, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा यांपैकी बहुतेक गोष्टी घराच्या आराखड्यात दिसतच नाहीत. म्हणून आधी संपूर्ण जमिनीचा नकाशा करून घ्यावा, त्यात प्रत्येक मोठ्या झाडाची जागा, बुंध्याचा व्यास आणि जमिनीचा उतार नोंदवावा, आणि ही सारी कामे त्याच नकाशावर आखून मगच तोडायची झाडे मोजावीत.

झाड जितके उंच तितकी त्याची मुळे खोल, हा समज चुकीचा आहे. बहुतेक मुळे वरच्या सुमारे ६० सेंटिमीटर मातीतच असतात आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरही बरीच लांब पसरतात. भरलेला ट्रक त्यांवरून काही वेळा जरी गेला, तरी माती दाबली जाऊन तिच्यातील पोकळ्या बुजतात आणि मुळांना हवा व पाणी मिळेनासे होते. ब्रिटनमधील बीएस ५८३७ या मानकानुसार जमिनीपासून दीड मीटर उंचीवर बुंध्याचा जो व्यास भरेल, त्याच्या १२ पट त्रिज्येचे वर्तुळ राखून ठेवावे लागते. म्हणजे ४० सेंटिमीटर व्यासाच्या झाडाभोवती सर्व बाजूंनी ४.८ मीटर. एवढ्या जागेला पहिली गाडी आत येण्यापूर्वी पक्के कुंपण घालावे. नुसती दोरी बांधून भागत नाही, ती दुसऱ्याच दिवशी बाजूला सारली जाते.

माझ्या देखरेखीखालील एका कामावर अंगण सपाट करताना निघालेली माती एका जुन्या झाडाच्या बुंध्याशी हातभर उंच टाकली गेली होती. मी ती पाहिली आणि काम संपल्यावर काढू, असे म्हणून राहू दिली. दोन वर्षे झाड हिरवेगार होते. तिसऱ्या वर्षी शेंड्याकडच्या फांद्या वाळू लागल्या, तेव्हा मी बुंध्यालगतची माती उकरली. आतली साल ओली आणि काळपट झाली होती आणि बोट लावताच सुटून हातात येत होती. ते झाड वाचले नाही, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती.

आता पायाविषयी. घराच्या जागी दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन माती तपासून घ्या, कारण चिकणमाती असेल तर झाडे तोडल्यानेही अडचण उद्भवते. मोठे झाड मातीतील पाणी सतत ओढत असते. ते गेल्यावर माती हळूहळू ओल धरून फुगते आणि त्यावर घाईने घातलेला पाया वर उचलला जाऊन भिंतींना तडे जातात. अशा मातीत पायाची खोली स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच ठरवून घ्यावी. हा खर्च वाचवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तोडलेल्या झाडांचे बुंधे मात्र जोत्याखाली पुरून ठेवू नयेत. ते कुजले की वरची जमीन खचते आणि वाळवीला आयते घर मिळते. उतारावर सलग खोदकाम करण्याऐवजी सुट्या खांबांवर घर उभारले, तर खांबांची जागा मुळे चुकवून थोडी सरकवता येते आणि पावसाचे पाणीही खालून वाहून जाते.

घराला अगदी लागून झाड किंवा झुडूप नसावे. भिंतीपासून निदान दीड मीटरचा पट्टा पालापाचोळा, सरपण आणि वाळके गवत यांपासून मोकळा ठेवावा, तसेच छपराच्या पन्हळी नियमित साफ कराव्यात, कारण वणव्यात उडून आलेली ठिणगी नेमकी तिथेच धरते. विहीर किंवा बोअर असल्यास शोषखड्डा तिच्यापासून दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला घ्यावा.

प्रश्न : तोडलेल्या झाडांचे लाकूड त्याच घराला वापरता येईल का?

उत्तर : येईल, पण लगेच नाही. उघड्यावर फळी वाळायला जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण एक वर्ष लागते, असा सुतारकामातील ठोकताळा आहे. फळ्या कापून घ्या, प्रत्येक दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घाला, टोकांना रंग लावा, आणि वरून झाकून बाजू उघड्या ठेवा. याचा अर्थ झाडे बांधकामाच्या बऱ्याच आधी तोडावी लागतील, जे चिकणमातीच्या दृष्टीनेही सोयीचेच आहे. दारे-खिडक्यांसाठी मात्र ओलावा मोजल्याशिवाय हे लाकूड सुताराच्या हाती देऊ नका.