टोमॅटो माना टाकतायत, पण पाणी वाढवू नका!

प्रश्न : दादा, मी नाशिकची, इंदिरानगरला राहते, सध्या लेकीकडे अमेरिकेत ओहायोला आलेय. तिच्या घरामागे अक्रोडाचं मोठं झाड आहे, त्याच्या जवळच वाफा करून टोमॅटो, वांगी, मिरची आणि कांदा लावला. रोपं आधी मस्त वाढली पण फुलं धरायच्या टायमाला माना टाकायला लागली, माती ओली असूनही. कांदा मात्र जोरात आहे. पाणी कमी पडतंय का?

उत्तर : काकू, पाणी अजिबात वाढवू नका, माती ओली असून रोप सुकतंय म्हणजे गडबड मुळाशी आहे आणि माझा संशय सरळ त्या झाडावरच आहे. तिकडे काळा अक्रोड खूप, आपण खातो तो काश्मिरी वेगळा. काळ्याचं फळ गोल, हिरव्या सालीसकट खाली पडतं, साल आपोआप तडकत नाही आणि आतलं कवच हातोडीशिवाय फुटत नाही, एक उचलून बघाच. या झाडाच्या मुळांत, पानांत, फळाच्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा हे सगळं एकाच कुळातलं, त्यांना ते बिलकुल सोसत नाही. कांदा, गाजर, बीट, मका, घेवडा यांचं सहसा काही बिघडत नाही. काश्मिरी अक्रोडातही जुग्लोन असतं, पण बरंच कमी.

मर रोगातही (मातीतून मुळांवाटे शिरणारा रोग) रोपं अशीच सुकतात, खोड आडवं कापलं तर जुग्लोन असो की मर, आत तपकिरी दिसू शकतं, त्यामुळे नुसतं बघून छातीठोक सांगता येत नाही. पण उपाय दोन्हीवर एकच, जागा सोडा. मोठ्या झाडाची मुळं 50-60 फुटांपर्यंत जातात, म्हणून वाफा चार पावलं सरकवून भागणार नाही, सरळ ग्रो बॅग नाहीतर कुंड्या घ्या, बाहेरची माती भरा आणि फरशीवर ठेवा म्हणजे खालून मुळं शिरणार नाहीत. वर पानं पडणार नाहीत अशी जागा बघा, टोमॅटोला ऊनही तिथेच मिळेल.

झाड मात्र तोडू नका हो, एवढं मोठं झाड! आणि तोडलं तरी मुळं जमिनीत कुजेपर्यंत काही वर्षं त्रास राहतोच. पानांचं खत पूर्ण कुजलं असेल तर चालतं, पण ताजी पानं किंवा त्या लाकडाचा भुसा टोमॅटोच्या बुडाशी टाकू नका. रिकाम्या वाफ्यात आत्ता घेवडा टोकून द्या, पहिली थंडी पडायच्या आत शेंगा हाताशी येतील.