रात्रीचे जेवण सोडले, वजन उतरले, पण जिना चढवत नाही

प्रश्न : माझे वय ६६ वर्षे, उंची पाच फूट एक इंच. मधुमेह आणि रक्तदाब या दोन्हींच्या गोळ्या चालू आहेत. गुडघे दुखतात म्हणून वजन कमी करण्याचा सल्ला मिळाला, तेव्हा मी रात्रीचे जेवण बंद केले आणि दिवसाला एकच भाकरी ठेवली. दोन महिन्यांत वजन ७८ किलोंवरून ७१ वर आले. घरचे कौतुक करतात, परंतु आता जमिनीवरून उठताना हात टेकावे लागतात, गच्चीचा जिना चढवत नाही आणि कधी कधी पहाटे घाम फुटून थरथर सुटते. मी माळकरी आहे. अंडी-मांस वर्ज्य, सोमवार आणि एकादशीचा उपवास असतो. भाकरीने वजन वाढते का? असेच चालू ठेवावे का? शिवाय साडीवर बूट घालून फिरण्याचा संकोच वाटतो. चपलेवर चालले तर चालेल का?
– एक भगिनी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, आपल्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ पहाटेच्या घामाची आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या पोटात अन्न नसतानाही साखर उतरवत राहतात; त्यामुळे रात्री उपाशी झोपल्यास पहाटे साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. अशा वेळी घरच्या यंत्रावर साखर तपासावी आणि ती ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्यावी. रात्रीचे जेवण आजपासून सुरू करावे आणि दोन्ही गोळ्यांचे प्रमाण याच आठवड्यात आपल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, कारण वजन उतरल्यावर रक्तदाबाची गोळीही कधी कधी जास्त होते. मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये.

आता जिन्याविषयी. उतारवयात केवळ जेवण तोडून वजन उतरवले, तर गेलेल्या वजनातला साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून प्रामुख्याने स्नायूंचा असतो, आणि या वयात गेलेला स्नायू सहजासहजी परत येत नाही. वजनकाट्याला हा फरक कळत नाही, मांड्यांना कळतो. आपल्या मूळ वजनाच्या मानाने सहा महिन्यांत चार ते आठ किलो कमी होणे पुरेसे होते, ते आपण दोन महिन्यांतच केले. गुडघ्यांना त्याचा लाभ मिळेलच, कारण एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पण पुढचे दोन-तीन महिने वजन आहे तिथेच राहू द्यावे आणि अंगात बळ आणावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाकरीला उगाच दोष लागला आहे. मध्यम आकाराच्या ज्वारीच्या भाकरीत सुमारे दोनशे उष्मांक असतात. त्याच पिठल्यावर आणि ठेच्यावर आपण करडईच्या कच्च्या तेलाची जी धार सोडतो, तिच्या प्रत्येक लहान चमच्यात पंचेचाळीस. तेव्हा दोन वेळा एकेक भाकरी खावी आणि तेलाची धार आवरावी. प्रथिने रोज साठ ग्रॅमच्या आसपास हवीत, मात्र मूत्रपिंडाचा विकार नाही याची खात्री आधी करून घ्यावी. दोन्ही जेवणांत तुरीचे किंवा मुगाचे घट्ट वरण (आपल्याकडे बहुधा पातळच करतात), वाटीभर मोडाची मटकी, दही, पेलाभर दूध आणि मूठभर फुटाणे, एवढ्याने माळ न मोडता बरीचशी गरज भागते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. त्याची खिचडी साखर झपाट्याने वाढवते. उपवास करायचाच असेल, तर डॉक्टरांना विचारून थोडी भगर, दाण्याची आमटी आणि दही घ्यावे.

बळासाठी नुसते फिरणे पुरत नाही. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून, शक्य तितका हातांचा आधार न घेता, आठ-दहा वेळा सावकाश उठावे-बसावे. ओट्याला धरून टाचा उचलाव्यात. भिंतीवर तळवे टेकून अंग पुढे-मागे न्यावे. हे एक दिवसाआड करावे. गुडघ्यात कळ आल्यास खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करावी. चालणे दहा मिनिटांपासून सुरू करून हळूहळू आठवड्यातून पाच दिवस अर्ध्या तासावर न्यावे. वेग असा असावा की शेजारणीशी बोलता यावे, पण अभंग गाऊ गेल्यास दम लागावा. चैत्र-वैशाखात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वारीतल्यासारखे उजाडताच निघावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे.

चपलेवर चालू नये. ती पायातून निसटते, आणि मधुमेहात तळपाय बधिर झालेला असल्यास खडा टोचलेलाही कळत नाही. बोटांना जागा देणारा, मागून बंद बूट सुती मोज्यांसह घालावा, साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी आणि घरी आल्यावर तळपाय रोज निरखून पाहावेत. संकोचाचे म्हणाल, तर दिंडीत साडीवर बूट घातलेल्या बायका आता आपल्यालाही दिसत असतीलच.