माद्रिदमधलं इजिप्तचं मंदिर खरं आहे की कॉपी? खरं असेल तर स्पेनने ते पळवून आणलं का?

खरंच आहे हो, कॉपी नाही, आणि पळवलेलं तर अजिबातच नाही, गिफ्ट आहे.

देबोदचं मंदिर म्हणतात त्याला. मूळ जागा आस्वानच्या दक्षिणेला साधारण 15 किलोमीटरवर, नाईलच्या काठी. इ.स.पू. दुसऱ्या शतकात मेरोएच्या (आजचा सुदान) अदिखलमानी राजाने अमून देवासाठी ते बांधायला घेतलं, मग इजिप्तचे ग्रीक वंशाचे टॉलेमी राजे, रोमन सम्राट सगळ्यांनी त्यात भर घातली. आस्वानचं मोठं धरण झाल्यावर ते कायमचं बुडणार होतं, म्हणून 1960 मध्ये युनेस्कोने जगाकडे मदत मागितली आणि ज्यांनी हातभार लावला त्यांच्यापैकी काहींना इजिप्तने छोटी मंदिरं देऊन टाकली. देंदूर अमेरिकेला, ताफा नेदरलँड्सला, एलेसिया इटलीला आणि 1968 मध्ये देबोद स्पेनला.

दगड आधीच सुटे करून आस्वानजवळच्या एलेफंटाईन बेटावर ठेवले होते, तिथे बिचारे कित्येक वर्षं पडून! 1970 मध्ये अलेक्झांड्रियाहून जहाजाने वलेन्सिया, तिथून ट्रकने माद्रिद. काही दगड गहाळच होते, तिथे मुद्दाम वेगळ्या रंगाचा नवा दगड बसवलाय, त्यामुळे जुनं कुठलं आणि नवीन कुठलं ते लगेच कळतं, हे मला फार आवडलं. पूर्व-पश्चिम दिशाही मूळचीच ठेवली. 1972 पासून लोकांसाठी खुलं आहे.

पण एक गोष्ट मला पटत नाही. न्यूयॉर्कवाल्यांनी देंदूर काचेच्या मोठ्या हॉलमध्ये उभं केलं, ताफा आणि एलेसियासुद्धा म्युझियमच्या आतच आहेत, देबोद तेवढं उघड्यावर. वालुकाश्म आहे तो, इजिप्तच्या कोरड्या हवेत टिकला, माद्रिदचा पाऊस, थंडी आणि गाड्यांचा धूर त्याला कसा झेपणार? काही जण म्हणतात की 1902 च्या जुन्या धरणामुळे ते तसंही वर्षातले कित्येक महिने पाण्यात असायचं, रंग तेव्हाच गेले. बरं मग, जे कोरीवकाम उरलंय ते पण घालवायचं का? वर छप्पर घाला म्हणून तिकडेही बरीच वर्षं मागणी चालू आहे.

जाणार असाल तर आतला अदिखलमानीचा गाभारा नक्की बघा, सगळ्यात जुना भाग तोच. बहुतेक लोक बाहेर पाण्यापाशी सूर्यास्ताचे फोटो काढून परत जातात.