आमच्या तलावातली जलपर्णी आणि सकर मासा शेजारच्या तलावांत जाऊ नये म्हणून गावकऱ्यांना कसे समजवावे?

आपल्या तलावात जलपर्णी आणि सकर मासा (घरच्या काचेच्या टाकीत शेवाळ खाण्यासाठी ठेवतात तो परका मासा) दोन्ही आले आहेत, मात्र पलीकडच्या दोन पाझर तलावांत अजून काही दिसलेले नाही, असे आपण लिहिले आहे. माझ्या मते आपल्या सगळ्या प्रबोधनाचा रोख त्या दोन तलावांवर असावा. सकर माशाची वीण एकदा सुरू झाली की मोठ्या तलावातून तो समूळ काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि "तलाव मुक्त करू" असे सांगून लोकांना गोळा केले तर दुसऱ्या वर्षी कोणी फिरकत नाही. पुणे-सोलापूर पट्ट्यातील मच्छीमारांबरोबर काही काळ काम केल्यामुळे मी हे लिहीत आहे.

इंटरनेटवर शोधल्यास आपल्याला अमेरिकेतील फलक सापडतील: होडी धुवा, तिच्यातील पाणी काढून टाका, ती वाळवा. तिकडे हा उपदेश योग्यच आहे, कारण तिथे लोक आपली होडी गाडीमागे जोडून एका सरोवरावरून दुसऱ्यावर नेतात आणि झेब्रा शिंपल्यांसारखे जीव तिच्याबरोबर प्रवास करतात. आपल्याकडे वाटा वेगळ्या आहेत. जाळी, मत्स्यबीजाच्या पिशव्या, गाळ काढणारी यंत्रे आणि घरातील काचेच्या टाक्या या चार वाटांनी बहुतेक उपद्रव एका तलावातून दुसऱ्यात जातो. म्हणून "जनजागृती" या मोघम शब्दाऐवजी या चार वाटांवर उभी असलेली माणसे शोधावीत. एका गावात ती फार नसतात.

सर्वांत आधी मच्छीमारांकडे जावे, पण जैवविविधतेचे व्याख्यान घेऊन जाऊ नये. सकर माशाचे काटेरी पर जाळ्यात अडकतात, तो सोडवताना जाळे फाटते, बाजारात त्याला गिऱ्हाईक नसते आणि तो काठाच्या मातीत बिळे करतो, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. त्यांच्याशी बोलायचे ते पुढच्या कृतीबद्दल. जाळ्यात आलेला सकर वैतागून परत पाण्यात फेकला जातो किंवा काठावर टाकून दिला जातो; पाण्याबाहेरही तो बराच वेळ तग धरतो, त्यामुळे काठावर टाकलेला मासा मेलाच असे समजू नये. तो मारून पाण्यापासून दूर खड्ड्यात पुरावा. दुसऱ्या तलावावर जाण्याआधी जाळे झटकून, त्यात अडकलेले जलपर्णीचे तुकडे काढून, कडक उन्हात पूर्ण वाळवावे. जलपर्णीच्या एका रोपाच्या आडव्या धुमाऱ्यापासून नवे रोप तयार होते, हे प्रत्यक्ष रोप हातात घेऊन दाखवले तर लांबलचक भाषणाची गरज उरत नाही.

येथे एक सावधगिरी सुचवतो. चिलापीसुद्धा (तिलापिया) परका मासा आहे. 1952 मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज उजनीसारख्या जलाशयांवर अनेक कुटुंबांची चूल त्याच्यावर पेटते. पहिल्याच बैठकीत चिलापीला शत्रू ठरवले तर समोरची माणसे उठून जातील, आणि ते रास्तही असेल. (तसे पाहिले तर आपण हौसेने सोडतो ते रोहू आणि कटलाही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले.) आफ्रिकन मांगुराबद्दल मात्र असा संकोच बाळगू नये. त्याच्या संवर्धनावर देशात 2000 पासून बंदी आहे, तो इतर मासे खातो, आणि शेततळ्यातील मांगूर पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात उतरतो. देशी मागूर आणि हा मांगूर ओळखण्यात लोकांची गल्लत होते, म्हणून दोघांची छायाचित्रे शेजारी शेजारी छापून मच्छीमार संस्थेच्या भिंतीवर लावावीत.

मत्स्यबीज ही मला सर्वांत दुर्लक्षित वाट वाटते. पावसाळ्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) पिशव्यांतून येतात आणि घाईघाईत पाण्यासकट तलावात ओतली जातात. तलावातील मासेमारीचा ठेका घेतलेल्या ठेकेदाराला एवढीच विनंती करावी की त्याने प्रत्येक खेपेतील काही पिशव्या आधी पांढऱ्या टबात रिकाम्या करून पाहाव्यात, वेगळे दिसणारे पिल्लू बाजूला काढावे आणि पिशवीतील पाणी तलावात न टाकता दूर जमिनीवर ओतावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे, आणि उपद्रवी मासे वाढले तर ठेक्याचे नुकसान त्याचेच असल्यामुळे तो सहसा ऐकतो.

गाळ काढण्याची कामे हल्ली गावोगाव होतात आणि एकच पोकलेन महिनाभरात अनेक तलावांत उतरते. त्याच्या बकेटमध्ये आणि साखळीत अडकलेला चिखल पुढच्या तलावावर नेण्याआधी धुऊन काढण्याची अट ग्रामपंचायतीने कामाच्या आदेशातच घालावी. जलपर्णीचे बी गाळात अनेक वर्षे जिवंत राहते, त्यामुळे वर हिरवे काही दिसत नाही म्हणून गाळ निर्धोक ठरत नाही. काढलेल्या जलपर्णीचा ढीगही पाणलोटाच्या बाहेर, उंचावर हवा. काठावरचा ढीग पहिल्या जोरदार पावसात पुन्हा पाण्यात येतो, आणि मग केलेली सगळी मजुरी वाया जाते.

शाळेत मुलांना गणित घालावे. अनुकूल पाण्यात जलपर्णी साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते असे धरले, तर आज दिसलेल्या 10 रोपांची वीस आठवड्यांनी 10,240 रोपे होतात. 10 रोपे एक माणूस हाताने उपटतो. दहा हजारांसाठी यंत्र, निविदा आणि आमदारांचे पत्र लागते. याच मुलांच्या घरी काचेच्या टाक्या असतात. मासा मोठा झाला किंवा लाल कानपट्टीचे कासव नकोसे झाले की घरची मंडळी पुण्य म्हणून ते तलावात सोडतात. नुसते "सोडू नका" म्हणून भागत नाही. तालुक्याच्या गावातील एखाद्या मत्स्यालय दुकानदाराला असे प्राणी परत घेण्यास राजी करावे आणि त्याच्या दुकानाचा पत्ता मुलांना द्यावा. जांभळ्या फुलांसाठी जलपर्णी घरच्या हौदात लावणारेही असतात, त्यांनाही हीच समज द्यावी.

बैठकीची वेळ महत्त्वाची आहे. 1 मेची ग्रामसभा त्यासाठी उत्तम, कारण पाणी कमी असते, मत्स्यबीज अजून आलेले नसते आणि ओढे वाहू लागलेले नसतात. आपला तलाव आणि खालचे तलाव एकाच ओढ्यावर असतील, तर प्रबोधन अपुरे पडेल. पावसाआधी सांडव्याच्या आतल्या बाजूला दोर आणि बांबूंचा तरंगता अडसर बांधावा लागेल आणि पावसाळ्यात त्यावर अडकलेली जलपर्णी वरचेवर काढावी लागेल. माशांना या अडसराने रोखता येणार नाही, हेही ग्रामसभेत स्पष्ट सांगावे.

जलपर्णी खाणारे भुंगे सोडावेत का, हा प्रश्न बैठकीत हमखास येईल. मध्य प्रदेशात सारणी येथील सातपुडा जलाशयात साल्विनिया या वेगळ्या पाणवनस्पतीवर जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने भुंगे सोडून चांगला परिणाम साधला, पण ते तपासून, विशिष्ट वनस्पतीसाठी, संस्थेच्या देखरेखीखाली झालेले काम आहे. गावाने स्वतःहून कोणताही जीव आणून सोडू नये. हवे असल्यास पंचायतीने त्या संस्थेला पत्र लिहावे.

शेवटी, पलीकडच्या दोन्ही तलावांवर रोज जाणारी दोन-तीन माणसे निवडावीत: गुराखी, पंपावर जाणारे शेतकरी, पहाटे जाळे टाकणारा कोणी. काही अनोळखी दिसले तर त्यांनी छायाचित्र कोणाला पाठवायचे, तो एकच फोन क्रमांक ठरवावा, आणि तो क्रमांक असलेल्या माणसाने त्याच आठवड्यात काठावर जाऊन पाहावे.